पेढीवरून कायदेमंडळात

बिरसीहून गोंदियास जाऊन मुंबईच्या गाडीत बसणाऱ्या प्रवाशास जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट यांचे स्मरण व्हावे, असे आम्हांस वाटते. या देशात आगगाडी यावी म्हणून प्रथम झटणाऱ्यांत हे मराठी व्यापारी होते.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. त्या काळी मुंबईच्या गोदीत वाडिया घराणे सागवानी जहाजे बांधीत असे. शंकरशेटांच्या पेढीचे भांडवल मात्र विश्वास हे होते. अरब व अफगाण सौदागर आपला पैसा बँकेत न ठेवता या पेढीवर ठेवीत, असे सांगतात. 1822 साली वडील निवर्तले आणि ती संपत्ती व ती पत एकदमच तरुण नानांच्या हाती आली.

संपत्ती पुष्कळांजवळ असते. नानांनी आपली पत लोकांच्या कामी लावली. 1845 पासून त्यांनी व जमशेटजी जीजीभाई यांनी लोहमार्गाचा पाठपुरावा केला, आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धावली. मुलींस शिकविणे हे ज्या काळी कित्येकांस पाप वाटे, त्या काळी, 1849 साली, त्यांनी मुलींच्या शाळेकरिता आपल्या वाड्यात जागा दिली. बाहेरच्यांस उपदेश करणे सोपे. आपले दार उघडणे निराळे!

26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तीत नाना अग्रभागी होते. प्रजेची गाऱ्हाणी या संस्थेने अर्जाद्वारे थेट विलायतेच्या पार्लमेंटापुढे मांडली. शेठसावकाराने राज्यकर्त्यांस असा जाब विचारणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

मग 1857 साल उजाडले. बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय खुद्द नानांवर आला. आयुष्यभर जोडलेली पत एका कुजबुजीने बुडावी, असा तो प्रसंग होता. पोलीस अधिकारी फोर्जेट यांनी चौकशी केली. दोष काही आढळला नाही. अशा वेळी धनिक मनुष्य बहुधा सार्वजनिक कामातून अंग काढून घेतो. नाना मात्र मागे सरले नाहीत, आणि 1861 च्या कायद्यान्वये मुंबईचे कायदेमंडळ निघाले, तेव्हा पहिल्या हिंदी सभासदांत त्यांची नेमणूक झाली.

31 जुलै 1865 रोजी ते वारले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास पुढे त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. 1912 साली ती चिंतामणराव देशमुख यांनी मिळविली. स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले ते हेच.