टाके निघाल्यानंतरचे तीन महिने

सीझरचे टाके निघाले, जखम सुकली, की तिची चौकशी थांबते. बाळाचं वजन, लसी, बाळंतिणीचं दूध या सगळ्याची विचारपूस होते; वण कसा आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. आतली डागडुजी मात्र तेव्हाच ऐन भरात असते. त्वचेखाली नवं कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) बनत असतं आणि जास्तीचं विरघळत असतं. हा तोल बिघडला की वण फुगतो, लाल आणि टणक होतो, खाजतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सीझरने झाली. म्हणजे हा प्रश्न थोडक्या जणींचा नाही. वण उठल्यावर उपाय शोधण्यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांत त्याला उठू न देणं सोपं आणि स्वस्त आहे.

वण उठण्यामागे त्वचेवरच्या ताणाचा मोठा वाटा असतो. म्हणून ओटीपोटावरच्या आडव्या छेदापेक्षा उभ्या छेदाचा वण जास्त उठतो. ऑस्ट्रेलियात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सीझर झालेल्या काही स्त्रियांच्या वणावर साधी कागदी चिकटपट्टी बारा आठवडे लावली. पट्टी न लावलेल्यांच्या तुलनेत त्यांचे वण ठळकपणे कमी उठले. दुसरा उपाय सिलिकॉनचा: त्याची पट्टी किंवा जेल त्वचेतला ओलावा धरून ठेवतं. पट्टी जखम पूर्ण बंद झाल्यावरच, रोज किमान बारा तास, दोन-तीन महिने लावायची. सिलिकॉनच्या बाजूचा पुरावा फार भक्कम नाही, पण त्यात धोकाही नगण्य आहे. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या तेलाबद्दल तसं म्हणता येत नाही: एका छोट्या अभ्यासात फायदा दिसला नाहीच, उलट सुमारे एक तृतीयांश जणांना पुरळ उठलं.

यावर कुणी म्हणेल, कपड्याआड झाकलेल्या वणाचं एवढं काय? पण परकराची नाडी जिथे घासते तिथे रात्रंदिवस खाज आणि आग होत असेल, तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ज्यांच्या घराण्यातच कीलॉइड, म्हणजे छेदाबाहेर वाढत जाणारा वण, आहे त्यांचं काय? हाडीमासी असलेली प्रवृत्ती पट्टीने बदलत नाही, हे खरं. पण छातीवर किंवा कानाच्या पाळीवर आधी कीलॉइड झालं असेल, तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगावं आणि टाके निघाल्यावर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवावं. साधा उठलेला वण छेदाच्या हद्दीतच राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत बराचसा बसतो. कीलॉइड हद्द ओलांडून निरोगी त्वचेत पसरतं आणि आपणहून ओसरत नाही.

‘मग कापूनच टाका’ हा हट्ट इथे महागात पडतो. नुसतं कापलेलं कीलॉइड निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. म्हणून पहिला मान ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांना, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. त्यांनी वण बसतो, खाज थांबते. मात्र त्वचा पातळ किंवा फिकट होऊ शकते, पाळी मागेपुढे होऊ शकते. अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगावं. कापल्यानंतर किरणोपचार दिल्यास कीलॉइड परत येण्याचं प्रमाण घटतं, पण अंडाशय जवळ असल्याने तरुण स्त्रीच्या ओटीपोटावर तो निर्णय फार जपून घ्यावा लागतो. आणि वणातली गाठ दर पाळीला दुखत किंवा सुजत असेल, तर तिला कीलॉइड समजू नये. ते वणातलं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती वणात वाढणं, असू शकतं, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जायला हवं.