वाळूतले उपनगर आणि त्याची करमणूक : तेल अवीवमधील पहिली चित्रगृहे



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर हलका वाटेल. चित्रगृहे, उपाहारगृहे, समुद्रकाठची मौज यांत अभ्यास करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु तेल अवीव हे आरंभी याफो नगराचे एक लहानसे उपनगर होते आणि त्याच्या मूळ आराखड्यात करमणुकीला जवळजवळ स्थानच नव्हते. ते स्थान पुढे कसे निर्माण झाले, हे पाहू लागलो की दोन मोठे प्रश्न समोर येतात. या समाजाने बोलावे कोणत्या भाषेत, आणि विसाव्याचा दिवस घालवावा कसा? या प्रश्नांचा निकाल केवळ पुढाऱ्यांच्या सभांत लागला नाही. तिकीट काढून आत बसलेल्या सामान्य माणसांनीही तो लावला.

१९०९ साली, पेसाखच्या सणाच्या दिवसांत, याफोच्या उत्तरेस वाळूच्या टेकड्यांवर काही कुटुंबे जमली. शिंपल्यांवर नावे आणि भूखंडांचे क्रमांक लिहून सोडत काढण्यात आली व ‘अहुझात बायित’ ही वसाहत सुरू झाली. पुढील वर्षी तिला तेल अवीव हे नाव मिळाले. संस्थापकांना बागांची, स्वच्छ आणि शांत घरांची वस्ती हवी होती. दुकाने, बाजार, गजबज हे सारे याफोत राहावे, अशी त्यांची इच्छा होती. समुद्र जवळ असूनही पहिली घरे किनाऱ्यावर नव्हती. ती आत, वाळूत बांधली गेली. समुद्रकाठी असलेल्या या उपनगराने आरंभी समुद्राकडे जणू पाठच फिरवली होती.

परंतु माणसे केवळ झोपण्यासाठी घर बांधत नाहीत. काम आटोपल्यावर चार माणसांत बसावेसे वाटते. सोड्याचे पाणी विकणारी टपरी आली, बाकांवर गप्पा सुरू झाल्या आणि १९१४ च्या ऑगस्ट महिन्यात, नेव्हे त्सेदेकच्या सीमेवर, लिलिएनब्लुम रस्त्यावर ‘एडन’ चित्रगृह उघडले. मोशे अबरबानेल आणि मोर्देखाय वीझर हे त्याचे संस्थापक. गावात सार्वजनिक वीज आली ती १९२३ साली. तोपर्यंत चित्रगृहाला आपल्या यंत्रावर आपली वीज निर्माण करावी लागे. घरोघरी तेलाचे दिवे असताना एका भिंतीवर हलती चित्रे उजळत होती, ही कल्पना केली म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकांचे कुतूहल समजते.

एडन उघडले आणि त्याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले. १९१७ च्या वसंत ऋतूत तुर्की अधिकाऱ्यांनी तेल अवीवच्या यहुदी रहिवाशांना घरे सोडावयास लावली. त्या वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी याफो घेतल्यावर लोक परत येऊ लागले आणि वस्ती झपाट्याने वाढली. वस्ती वाढली, तरी मोठी सभागृहे नव्हती. म्हणून चित्रगृहच नाट्यगृह झाले आणि सभागृहही झाले. १९२३ च्या जुलै महिन्यात मोर्देखाय गोलिंकिन यांनी व्हेर्दी या इटालियन संगीतकाराची ‘ला त्राव्हियाता’ ही संगीतिका एडनमध्येच, हिब्रू भाषेत, सादर केली. शतकानुशतके प्रार्थनेत आणि ग्रंथांत वावरलेली भाषा इटालियन सुरांवर रंगमंचावरून ऐकू आली, आणि तीही एका चित्रगृहात.

याच सुमारास गावाचे तोंड समुद्राकडे वळले. अ‍ॅलनबी रस्ता जेथे किनाऱ्याला मिळतो, तेथे येहुदा मागिदोविच या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार ‘गालेई अवीव’ नावाचा कॅसिनो उभा राहिला. नावावरून तो जुगाराचा अड्डा वाटेल. वास्तविक ते लाटांच्या काठी, खांबांवर उभारलेले उपाहारगृह होते. १९३९ साली ते पाडण्यात आले. पुरीमच्या सणाला, ज्याला आपली जुनी पिढी ‘होळीचा सण’ म्हणत असे, रस्त्यांवरून मिरवणुका निघू लागल्या. बारूख अगादाती या नर्तकाच्या पुरीम-मेळाव्यांची ख्याती दूरवर पसरली. १९३२ पासून या मिरवणुकीला ‘अदलोयादा’ हे नाव मिळाले.

मौज वाढली तसा शब्बाथचा प्रश्न उभा राहिला. कोणत्या जागा बंद ठेवाव्यात, यावर नगरपालिकेत पुनःपुन्हा वाद झाले. एका बाजूस धर्मनिष्ठ नागरिक होते. दुसऱ्या बाजूस असे कष्टकरी होते, ज्यांना आठवड्यातून तोच एक दिवस मोकळा मिळे. या वादात मला सर्वांत मोलाचे वाटते ते कवी हाइम नाहमान बियालिक यांचे उत्तर. केवळ मनाई करून दिवस पवित्र होत नाही, त्यात काहीतरी भरावे लागते, हे ओळखून त्यांनी ‘ओनेग शब्बाथ’ या सभा सुरू केल्या. शब्बाथच्या उत्तरार्धी लोक एकत्र येत, व्याख्यान ऐकत, सामुदायिक गायन करीत. या सभांसाठी पुढे ‘ओहेल शेम’ ही स्वतंत्र वास्तू उभी राहिली. आज आपण येथे व्याख्यानासाठी जमलो आहोत, तेही त्याच परंपरेत बसते.

भाषेचा प्रश्न याहून तीव्र होता. मूकपट होते तोवर अडचण कमी होती. परदेशी चित्रपटांतील मजकुराचे हिब्रू भाषांतर एका निराळ्या पट्टीवर लिहून, ती पट्टी पडद्याच्या बाजूला दुसऱ्या दिव्याने दाखवीत. येरुशलायिम सेगल यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. ती पट्टी हाताने फिरवावी लागे; फिरवणाऱ्याचे लक्ष ढळले की नायक एक बोले आणि अक्षरे दुसरेच सांगत. तरीही असंख्य नवागतांनी हिब्रू वाचनाचा सराव याच पट्टीवर केला असेल, असे मला वाटते.

मग बोलपट आला. १९३० साली अ‍ॅलनबी आणि बेन येहुदा रस्त्यांच्या संगमावर ‘मुग्राबी’ हे भव्य चित्रगृह उघडले. उन्हाळ्याच्या रात्री त्याचे छप्पर सरकवून उघडता येई आणि प्रेक्षक ताऱ्यांखाली बसत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेथे अमेरिकेहून आलेला एक यिद्दिश बोलपट लागला. त्याच्या नावाचा अर्थ होता ‘माझी यहुदी आई’. हिब्रूच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या ‘भाषा-रक्षक दला’च्या तरुणांनी चित्रगृहात दंगा केला आणि पडद्यावर शाई फेकली. अखेर बोलणे व गाणे वगळून चित्रपट दाखवावा, असे ठरले. आई पडद्यावर दिसली, पण तिचा आवाज बंद झाला.

या घटनेचा न्याय सहज करता येत नाही. अनेक देशांतून, अनेक भाषा घेऊन आलेल्या लोकांना एका सामायिक भाषेची नितांत गरज होती. ती जिद्द नसती तर आपली नातवंडे आज हिब्रूत शिकली नसती. पण ज्या वृद्धेने मातृभाषेतील चार शब्द ऐकण्यासाठी तिकीट काढले असेल, तिचे काय? मराठी मातृभाषा घेऊन या देशात आलेल्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही.

येथे मुंबईची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुग्राबीतील त्या दंग्यानंतर सहाच महिन्यांनी, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झळकला. त्याचे मूळ नाटक लिहिणारे जोसेफ डेव्हिड हे आपल्या बेने इस्राएल समाजाचे होते. मराठी घरातील या लेखकाचे नाव अमर झाले ते हिंदुस्तानी भाषेतील कथेमुळे. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. मुंबईत एका भाषेने दुसरीचा आवाज बंद करण्याची वेळ आली नाही, कारण पडदे अनेक होते आणि प्रेक्षकही. तेल अवीवच्या लहानशा वस्तीत प्रत्येक पडदा म्हणजे एक कसोटी होती.

मुग्राबीला १९८६ साली आग लागली आणि तीन वर्षांनी उरलेली इमारतही पाडण्यात आली. वास्तू जातात, त्यांतील आवाज मात्र माणसांच्या स्मरणात काही काळ टिकतात. आपल्यातील ज्या वडीलधाऱ्यांनी या देशात आल्यावर तेथे, अथवा आपापल्या गावच्या चित्रगृहांत, चित्रपट पाहिले असतील, त्यांनी त्या आठवणी मंडळाकडे ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी माझी विनंती आहे. कोणता चित्रपट, कोणाबरोबर, त्याचा अर्थ शेजारी बसून कोणी समजावून सांगितला, एवढे सांगितले तरी पुरे. आणि ते मराठीत सांगावे.