नव्या पार्टवरचा आळ

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाथर्डी तालुक्यातला एक स्टुडिओवाला जुन्या चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीनं नगरला आला. सावेडीतल्या माझ्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. चादरीची गाठ सोडायच्या आधीच तो म्हणाला, "भाऊ, एवढे पैसे घातले आन् मशीन होतं त्याच्यापेक्षा वाईट झालं."

त्याची घाई मला कळत होती. पाथर्डी-शेवगाव भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. मग लग्नं निघतात. ह्या सहा-आठ आठवड्यांत स्टुडिओचं वर्षाचं गणित बसतं. पूर्वी एक कॅमेरा असायचा, आता दोन कॅमेरे आणि वर ड्रोन. हळद, साखरपुडा, लग्न धरून एकेका घराचं शूटिंग तीनशे-चारशे जीबीपर्यंत जातं. त्याच्या 2020 सालच्या दहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह मशीनला हे पेलत नव्हतं. म्हणून त्यानं एकाच दिवशी तीन वस्तू बसवून घेतल्या होत्या. आधीच्या 8 जीबी रॅमच्या जोडीला 16 जीबीची दुसरी पट्टी, एक एनव्हीएमई एसएसडी आणि आरटीएक्स 3060 ग्राफिक कार्ड. त्या दिवसापासून मशीन कधी निळा पडदा दाखवी, तर कधी काहीच न दाखवता रीस्टार्ट मारी. बसवणाऱ्यानं तीन वेळा फॉरमॅट मारलं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

फॉरमॅटबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आमच्या धंद्यात मशीन बंद पडलं की पहिला हात फॉरमॅटकडे जातो. गिऱ्हाईकालाही ते पटतं, कारण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटतं. पण विंडोज प्रत्येक पडझडीची नोंद ठेवत असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तारीख-वेळ असते, मिनीडंपच्या फोल्डरमध्ये निळ्या पडद्याच्या वेळची छोटी फाइल असते. फॉरमॅट मारलं की हा सगळा पुरावा पुसला जातो. चोरी झालेल्या घरात पंचनाम्याआधीच फरशी धुवून काढावी, तसं हे होतं. इथं तिसऱ्या फॉरमॅटनंतरच्या चार दिवसांच्या तेवढ्या नोंदी शिल्लक होत्या.

त्या नोंदी उघडण्याआधी मी लग्नांची हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि कॉपीवर टाकली. ज्या मशीनच्या रॅमवर संशय आहे, त्याच मशीनवर बॅकअप घेऊ नये. प्रत्येक बाइट रॅममधून जातो आणि बिघडलेली रॅम चुकीचा बाइट बिनबोभाट पुढं ढकलते. त्या डिस्कवर पाच घरांची लग्नं होती, आणि ती पुन्हा शूट करता येत नसतात.

चार दिवसांत अकरा पडझडी. अकराही ठिकाणी 'कर्नल पॉवर 41' ही नोंद होती. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता थांबलं. खरा तपशील तिच्या आत असतो. चार नोंदींमध्ये 'मेमरी मॅनेजमेंट'चा कोड होता. सात नोंदींमध्ये त्या जागी शून्य होतं.

सगळी गोम त्या शून्यात होती. निळा पडदा येतो तेव्हा विंडोजला स्वतःला काहीतरी चुकल्याचं उमगलेलं असतं आणि डेटा खराब होऊ नये म्हणून ती मुद्दाम थांबते. थांबताना कारणाचा कोड लिहून ठेवते. शून्य असतं तेव्हा बहुतेक वेळा तिला लिहायलाही सवड मिळालेली नसते, पायाखालची वीजच गेलेली असते. म्हणजे हा एक आजार नव्हता, दोन होते, आणि एकाच दिवशी तीन वस्तू बसवल्यामुळे ते एकमेकांत मिसळून गेले होते. निळा पडदा कोणत्या वेळी येतो, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कधीबी. गाणं लावलं तरी येतो." आणि सरळ रीस्टार्ट? "एक्स्पोर्टला टाकलं की."

आधी रॅम घेतली. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावला. हा प्रोग्राम विंडोजच्या आधीच सुरू होतो, रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. दोन्ही पट्ट्या लावून अर्धा तासही झाला नव्हता आणि लाल ओळी यायला लागल्या. स्टुडिओवाला उठून उभाच राहिला. नवी पट्टी खराब निघाली, ती दुकानदाराच्या तोंडावर मारतो, असं म्हणाला. मी त्याला बसवलं. नवी पट्टी काढून एकटी पहिल्या स्लॉटमध्ये लावली, तर एकही लाल ओळ नाही. जुनी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये, तीही स्वच्छ. मग जुनी, पाच वर्षं बिनतक्रार चाललेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. लाल ओळी आल्या. प्रत्येक ओळीत तोच एक बिट उलटलेला.

चूक सतत एकाच बिटात असेल तर संशय वाटेवर घ्यायचा. रॅम आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटाच्या 64 तारा असतात, त्यातली एक नीट टेकत नसावी. मी टॉर्च आणि भिंग घेऊन स्लॉटमध्ये पाहिलं. पाथर्डीकडची ती बारीक, पिठासारखी धूळ पिनांच्या ओळीत बसली होती आणि एका ठिकाणी कापसाचा केसाएवढा तंतू आडवा अडकला होता. पाच वर्षं तो स्लॉट रिकामा होता. पंखा रोज हवा आत ओढत होता आणि हवेबरोबर आलेली माती त्या उघड्या फटीत साचत होती. नवी पट्टी त्या मातीवरच दाबून बसवली गेली.

ब्लोअरनं धूळ उडवली, मऊ ब्रशनं तंतू काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पिना पुसल्या आणि सुकू दिल्या. पट्टीचे सोनेरी दात अनेकजण खोडरबरानं घासतात. हळू हातानं केलं तर चालतं, पण त्याचा भुगा स्लॉटात पडू देऊ नये आणि रोज उठून ते करू नये, मुलामा झिजतो. दोन्ही पट्ट्या लावून रात्रभर टेस्ट चालू ठेवली. सकाळी एकही चूक नव्हती. नवी रॅम निर्दोष होती, जुनीही. मशीन घेऊन तो गेला.

इथं माझी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. नोंदींत दोन आजार दिसत असताना मी एकच बरा केला. निळ्या पडद्याचं कारण सापडल्याच्या समाधानात ती सात शून्यं मी मागं टाकली. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकाच वेळी पूर्ण लोड टाकून अर्धा तास बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. निळा पडदा गेला होता, पण एक्स्पोर्ट अर्ध्यावर गेलं की मशीन धाडकन रीस्टार्ट मारत होतं. त्याचा आवाज रडवेला होता, दुसऱ्या दिवशी एका घरी पेन ड्राइव्ह द्यायचा होता.

सकाळी मल्टिमीटर आणि दुकानातला एक खात्रीचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, पिशवीत घातला आणि करंजी घाट उतरून तिसगावमार्गे त्याच्याकडे गेलो. पहिल्यांदाच मी त्या कॅबिनेटच्या एसएमपीएसचा स्टिकर नीट वाचला. मोठ्या अक्षरात 450 लिहिलेलं. खाली बारीक तक्ता होता आणि त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. सोळा गुणिले बारा, म्हणजे 192 वॅट. आजच्या मशीनमध्ये खरं ओझं ह्याच 12 व्होल्टच्या पिवळ्या तारेवर असतं. कार्ड एकटं 170 वॅट मागतं. प्रोसेसर कागदावर 65 वॅटचा आहे आणि कामाच्या भरात थोडा वेळ त्याहून बराच जास्त ओढतो. कागदावरचीच बेरीज धरली तरी 235 होते. ह्या कार्डासाठी कंपनी स्वतः 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते. शिवाय कार्डाला लागणारी आठ पिनांची केबल ह्या एसएमपीएसला नव्हतीच. बसवणाऱ्यानं हार्डडिस्कच्या जुन्या चार पिनांच्या प्लगांना कन्व्हर्टर जोडून काम भागवलं होतं. त्यातल्या एका पांढऱ्या प्लगचं एक भोक तपकिरी झालं होतं आणि बोटाला प्लास्टिक मऊ लागत होतं. तिथून बंद दुकानात रात्री आगही लागली असती.

मोकळ्या प्लगमध्ये मीटरच्या दोन्ही पिना घातल्या, एक पिवळ्या तारेला, एक काळ्या. मशीन नुसतं चालू असताना 12.08. एक्स्पोर्ट सुरू केलं, 11.62. कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले, 11.45. मग 11.31, आणि पडदा काळा. नियमाप्रमाणे 12 व्होल्टची तार पाच टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे 11.40 च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएसमधून एक करडी तार बोर्डाकडे जाते. सगळे व्होल्टेज जागेवर आहेत, असा निरोप ती सतत देत असते. तो निरोप थांबला की बोर्ड विंडोजला न विचारता मशीन रीसेट करतो. नोंदीतलं शून्य तिथून आलं होतं. मीटरला दिसतं ते सरासरीचं, क्षणार्धाचा झोल त्याला पकडता येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष घसरण याहून खोल असणार.

तालुक्याच्या गावी असा बिघाड निघाला की बोट आधी लाइटकडे जातं. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट डीम येते, हे खरंच आहे. पण ही घसरण झाली तेव्हा भर दुपार होती आणि भिंतीच्या सॉकेटवर 229 व्होल्ट होते. माझा एसएमपीएस बसवला आणि मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. सात वाजता सॉकेटवर 188 व्होल्ट. त्याच वेळी तेच लग्न एक्स्पोर्टला टाकलं. पिवळ्या तारेवर 12.02, हलायला तयार नाही. शंभर टक्के झाले तेव्हा स्टुडिओवाल्यानं बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. लाइट कमी असतानाही मशीन चाललं आणि पुरेशी असतानाही आधी पडलं होतं, म्हणून दोष कुणाचा ते नक्की झालं. तेवढ्यात लाइट गेली आणि यूपीएसनं दोन शिट्ट्या मारून सगळंच बंद केलं. 600 व्हीएचा तो यूपीएस जेमतेम 360 वॅट देतो, जुन्या मशीनला तो पुरत होता. तोही बदलावा लागला.

कार्ड चांगलं होतं, रॅम चांगली होती, एसएसडीही चांगली होती. पैसे खर्च करून आणलेल्या तिन्ही नव्या वस्तूंवर आळ आला. दोष निघाला तो एका रिकाम्या स्लॉटात आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसमध्ये. पाच वर्षं ह्या दोघांकडून कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून ते चांगले वाटत होते.

ह्याचा अर्थ नवी वस्तू नेहमी निर्दोष असते असा नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांचं प्रकरण ताजं आहे. गेम खेळताना मशीन बंद पडायचं आणि पडद्यावर संदेश यायचा, ग्राफिक कार्डाची मेमरी संपली. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. 2024 मध्ये इंटेलनं मान्य केलं, की प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं आतून झिजत होता. कंपनीनं दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. संदेश कार्डाचं नाव घेत होता आणि आजार प्रोसेसरला होता. म्हणून पडद्यावरच्या कोडकडे मी साक्षीदाराची जबानी म्हणून पाहतो. ती ऐकायची, लिहून ठेवायची आणि मग एकेक पार्ट काढून-घालून तपासायची.

विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हापासून सेतू, डीटीपी, फ्लेक्स, क्लासेस अशा सगळीकडची जुनी मशीनं नव्या पार्टांसाठी उघडली जात आहेत. कार्डाला पंचवीस हजार मोजणारा माणूस एसएमपीएसच्या चार हजारांना का कू करतो, हे मी दर आठवड्याला बघतो. त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. कार्ड घ्यायला निघण्याआधी कॅबिनेटची बाजूची प्लेट उघडा, एसएमपीएसच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दुकानदाराला दाखवा. मोठा आकडा सोडून 12 व्होल्टपुढचे अँपिअर वाचायला सांगा. रिकाम्या स्लॉटातली धूळ काढल्याशिवाय पट्टी बसवू देऊ नका. एका दिवशी एकच वस्तू बदला आणि चार दिवस काम करून मगच दुसरी आणा. आणि मशीन बंद पडलंच, तर फॉरमॅट मारण्याआधी त्या नोंदी कुणाला तरी वाचू द्या.