वारा गावाचा, पवनचक्की कोणाची?

वैराग (जि. सोलापूर) - शेजारच्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत पवनचक्क्यांचे मनोरे उभे राहू लागल्यापासून बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या गावांपुढेही एक प्रश्न येऊन ठेपला आहे. जमीन द्यावयाची, तर ती नेमकी कोणाला? पवनचक्की उभारणारी, तिची मालकी असणारी आणि ती चालविणारी कंपनी एकच, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा तसे नसते.

राज्यातील सर्वांत परिचित उदाहरण पुण्याच्या सुझलॉनचे. सुरतेत कापड व्यवसायात असलेल्या तुलसी तांती यांनी विजेच्या बिलाला कंटाळून स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या आणि 1995 मध्ये त्याच व्यवसायात उडी घेतली. वाऱ्याचा वेग मोजणे, जमीन मिळविणे, रस्ता व उपकेंद्र बांधणे, यंत्र गुंतवणूकदाराला विकणे आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची देखभाल करणे, अशी ही पद्धत. साताऱ्यातील वनकुसवडे आणि धुळ्यातील ब्राह्मणवेल येथील पठारे अशाच रीतीने पवनचक्क्यांनी भरून गेली. नाव एका कंपनीचे, मालक मात्र अनेक!

या मालकांना ओढ वाऱ्याइतकीच करसवलतीचीही होती. यंत्राच्या किमतीपैकी 80 टक्के घसारा पहिल्याच वर्षी मिळत असे; 2017 पासून तो 40 टक्क्यांवर आला. राज्य वीज नियामक आयोगाने 2003 मध्ये नव्या प्रकल्पांसाठी युनिटला साडेतीन रुपये आणि दरवर्षी 15 पैसे वाढ असा 13 वर्षांचा दर ठरविला होता. त्यानंतर लिलाव आले. 2018 मध्ये महावितरणच्या निविदेत दर 2 रुपये 85 पैशांपर्यंत उतरला. साहजिकच करापुरती एखादी पवनचक्की घेणारे मागे पडले आणि शेकडो मेगावॉट स्वतःकडेच ठेवणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. सुझलॉनलाही 2012 मध्ये सुमारे 20 कोटी डॉलरचे रोखे फेडता आले नव्हते. ती सावरली, पण तांती यांचे 2022 मध्ये निधन झाले.

मग सह्याद्रीचे कडे सोडून कंपन्या सपाटीकडे का वळल्या? उत्तर उंचीत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातील ऊर्जा आठपट होते आणि जमिनीपासून वर जावे तसा वेग वाढतो. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची क्षमता 100 मीटर उंचीवर सुमारे 45 हजार मेगावॉट, 120 मीटरवर 98 हजार, तर 150 मीटरवर 1 लाख 74 हजार मेगावॉट आहे. पूर्वी ज्या माळाकडे कोणी पाहिले नसते, तो उंच मनोऱ्यामुळे कामाचा ठरतो. (पवनचक्क्या ढग पळवितात, ही दुष्काळी भागातील जुनी समजूत मात्र निराधार आहे, पावसाचे ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात.) वीज मुख्यत्वे पावसाळी वाऱ्यावर होते. रब्बीच्या ज्वारीला पाणी द्यावयाचे, तेव्हा पाती मंदावलेली असतात.

पैसा आला, की त्यामागे इतरही येतात. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्या प्रकरणाच्या आरोपपत्रात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीचा उल्लेख आहे.

शेतकऱ्यासाठी प्रश्न कागदाचा आहे. मनोऱ्याची जागा, यंत्रे नेण्याचा रस्ता आणि वीजवाहिनी हे तीन वेगळे व्यवहार आहेत. मनोऱ्याचा मोबदला ठरला म्हणून इतर दोन्हींचा ठरला, असे होत नाही. खरेदीखत केल्यास जमीन कायमची जाते. भाडेपट्टा केल्यास सातबारावर नाव राहते, पण भाडेवाढ किती, प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर भाडे कोण देणार आणि मुदत संपल्यावर सिमेंटचा पाया कोण काढणार, हे करारात लिहिलेले असावे लागते. सही घ्यावयास येणारा बहुधा मध्यस्थ असतो. त्याचे तोंडी आश्वासन करारात उतरले नसेल, तर पुढे मालक झालेल्या कंपनीवर ते सहसा बंधनकारक ठरत नाही.