बॉयलरखान्यातलं महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धावर मराठीत लिहिलं जातं तेव्हा रोमेल येतो, स्टॅलिनग्राड येतं, हिरोशिमा येतं. ब्रिटनची मालवाहू जहाजं चालवणारे आपले खलाशी मात्र क्वचितच येतात. 1939 साली त्या व्यापारी ताफ्यातला साधारण दर चौथा माणूस हिंदी होता. संख्या पन्नास हजारांच्या घरात. सरकारी कागदांत हे सगळे ‘लास्कर’.

कामाची वाटणी मुलखागणिक ठरलेली. मुंबईहून भरती झालेल्या बोटींवर डेकच्या कामाला रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बरेच असत, बॉयलरखान्यात पंजाबी आणि पठाण, तर भटारखान्यात नि जेवणाच्या दालनात गोव्याचे ख्रिस्ती. कलकत्त्याच्या बोटींवर आगवाले सिल्हेटचे. गोवेकर पोर्तुगालचे प्रजाजन आणि पोर्तुगाल तर युद्धात तटस्थ. पण टॉर्पेडो काही पासपोर्ट तपासत नाही. बोट लागेपर्यंत हे गोवेकर धोबीतलाव-माझगावातल्या आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, दिवस काढत. भरतीत सारंगाचा शब्द चाले. बोटीवर मुकादम तोच, किनाऱ्यावर अनेकदा सावकारही तोच, आणि त्याचे हात ओले केल्याशिवाय काम मिळणं कठीण.

कोळशावर चालणाऱ्या बोटीच्या भट्ट्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली. आगवाल्याची पाळी चार तासांची. फावड्याने कोळसा मारायचा, लांब सळईने निखारे उकरायचे, राख ओढायची, की पुन्हा कोळसा. धूर जास्त झाला तर शत्रूला कोसांवरून दिसणार. वाफ कमी पडली तर बोट ताफ्याच्या मागे रेंगाळणार, आणि रेंगाळलेल्या बोटीसाठी ताफा सहसा थांबत नसे. दोन्हीचं खापर खालच्या माणसावर. टॉर्पेडोही इथेच, पाण्याखाली, येऊन धडके. वर जायला उभी लोखंडी शिडी. ती चढून जो वर पोचला तो घामाने भिजलेल्या अंगानिशी उत्तर अटलांटिकच्या थंडीत.

डेकवर रात्री काळोख. विडी पेटवायची नाही, खिडकीतून उजेडाची रेघ बाहेर जाता कामा नये.

युद्ध जाहीर झालं त्याच महिन्यात ब्रिटिश बंदरांतल्या हिंदी खलाशांनी संप सुरू केला. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा मूळ पगार सुमारे पाचवा हिस्सा. शेकडो जण तुरुंगात गेले, पण कंपन्यांना पगार वाढवावा लागला. हा संप मला सरळ हिशेबाचा वाटतो. बुडायची पाळी दोघांवर सारखीच, मग दामात एवढी तफावत कशाला?

17 सप्टेंबर 1940च्या रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ बुडाली. ही उतारूंची बोट; तिच्यावर युद्धापासून दूर कॅनडाला पाठवलेली 90 मुलं होती, त्यांपैकी 77 गेली. ब्रिटनमध्ये ही बोट मुलांची म्हणूनच लक्षात राहिली, आणि ते साहजिक आहे. पण तिच्यावरचे शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही त्याच रात्री आणि पुढच्या दिवसांत मेले. तिची एक होडी आठ दिवस समुद्रात तरंगत होती. आत सहा मुलगे होते, आणि बाकीच्यांत बहुसंख्य हिंदी खलाशी. घोटभर पाणी आणि कडक बिस्किटं यांवर ते तगले. विमानाने त्यांना हेरलं, मग युद्धनौका आली.

संबंध युद्धात सुमारे 6,600 हिंदी खलाशी मेले आणि बाराशेवर कैदेत पडले. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे. हिंदी खलाशांची स्मृती मात्र मुंबई आणि चितगाव इथे ठेवली आहे. मुंबईतलं स्मारक मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे. त्या वाटेने रोज हजारो लोक जातात.

दापोली, गुहागर, राजापूरकडच्या किंवा साष्टी-बारदेशातल्या एखाद्या घरी ट्रंकेच्या तळाशी आजोबांचं बोटीवरच्या नोकरीचं जुनं पुस्तक असेल, तर ते रद्दीत घालू नका. कुठल्या बोटीवर चढले नि कुठे उतरले, याची नोंद त्यात असते. त्याची छायाप्रत काढून जवळच्या ग्रंथालयात द्या.