अर्ज परदेशाचा, शब्द आपले

माझी भाची सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला आली होती. एका रविवारी वही घेऊन माझ्यापुढे बसली. म्हणाली, ‘मामू, मला अमेरिकेत एमएस करायचंय. परीक्षांचं मी बघते. पण अर्जासोबत एक निबंध द्यावा लागतो. तुम्ही कवी आहात, तेवढा तुम्ही लिहून द्या.’

मी आपला साधा बी.ए. जीआरई म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पण पुढचे वर्षभर तिच्याबरोबर त्या कागदांतून हिंडलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या घरांत परीक्षेची धास्ती फार आणि अर्जाची काळजी कमी. खरे कष्ट अर्जातच असतात.

पहिली गोष्ट वेळेची. अमेरिकेतले शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. पदव्युत्तर अभ्यासाच्या अर्जांची मुदत पुष्कळ ठिकाणी त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणजे तयारी सव्वा वर्ष आधी सुरू व्हायला हवी. पावसाळ्यात अभ्यास, दिवाळीच्या आत परीक्षा आणि मग निबंध व शिफारसपत्रे, असा हिशेब आम्ही बांधला.

आता परीक्षा. जीआरईत तीन भाग असतात. अर्ध्या तासाचा एक निबंध, मग भाषा आणि गणित. भाषेचे २७ आणि गणिताचे २७ प्रश्न. दोन्हींचे गुण १३० ते १७० या पट्टीवर मिळतात. प्रत्येक विषय दोन टप्प्यांत येतो आणि पहिला टप्पा कसा सोडवला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आली. म्हणून थोरल्या भावाची जुनी पुस्तके शब्दसंग्रहाला चालतील, पण सराव नव्या स्वरूपाचाच करावा. हवे तसे गुण नाही मिळाले, तर २१ दिवसांनी पुन्हा बसता येते. गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. शिवाय २०२० नंतर अनेक विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे. तेव्हा फी भरण्याआधी आपल्या विभागाला ती हवी आहे का, हे पाहून घ्यावे.

इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस. यांचे गुण दोनच वर्षे चालतात. आयईएलटीएसमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे, चारही तपासतात. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. मराठी किंवा उर्दू शाळेतून आलेली आपली मुले व्याकरणात पक्की असतात, पण बोलताना अडखळतात. भाचीने यावर साधा उपाय केला. रोज जेवणानंतर घरात दहा मिनिटे इंग्रजी. तिच्या अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान. त्यांनाही त्यात ओढले. चुका झाल्या, हसू झाले, पण जीभ सुटली.

खरा घोळ निघाला नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम निराळा. त्यात आमचे शेख! इंग्रजीत एका कागदावर ‘ए’ आणि ‘आय’, दुसऱ्यावर दोन ‘ई’. परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावरच्या नावानेच करावी लागते. एक अक्षर चुकले तर दारातूनच परतण्याची पाळी येऊ शकते. म्हणून परदेशाचा विचार मनात आला की आधी सगळे कागद एका रांगेत मांडा आणि नावे जुळवा. स्पेलिंग दुरुस्त करायला किंवा राज्यपत्रात नावबदल छापून घ्यायला वेळ लागतो.

विद्यापीठाकडून सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, घ्यावा लागतो. तो अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी हातात पडला, असे होत नाही. माझ्यासारख्या तीन वर्षांच्या पदवीवाल्यांनी आणखी एक पाहावे. तिकडची पदवी चार वर्षांची, त्यामुळे काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवी पुरेशी मानत नाहीत. शिफारसपत्रे साधारण तीन लागतात. मोठ्या पदाच्या माणसापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेल्या शिक्षकांकडे जावे आणि महिनाभर आधी जावे.

आता तो निबंध. त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात. शहरातल्या एका एजंटाने तो पैसे घेऊन तयार देण्याचे कबूल केले होते. नमुना दाखवला. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती’ अशी सुरुवात. असे शंभर निबंध वाचणाऱ्याला त्यातून एकही माणूस दिसणार नाही. आणि दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून दिल्याचे उघड झाले, तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

मला आठवल्या आनंदीबाई जोशी. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले. मी का जाते, इथे राहून का शिकत नाही, एकटी का जाते, असे लोकांचे प्रश्न स्वतःच मांडून त्यांची उत्तरे दिली. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. माझ्या मते तो आपल्याकडचा एक अस्सल उद्देशलेखच होता.

मी भाचीला म्हटले, ‘लिहून देणार नाही. विचारीन.’ आणि तेच विचारले. हाच विषय का? तिथेच का? आजवर केलेस काय? तेव्हा ती बोलू लागली. दोन उन्हाळे तिने टेप आणि वजन घेऊन तालुक्यातल्या विहिरींचे पाणी मोजले होते. कागदावरचे आकडे आणि विहिरीतले पाणी जुळत नव्हते. ते का, हे तिला शोधायचे होते. मी म्हटले, ‘हेच लिही.’ चौथ्या खर्ड्यात निबंध झाला. माझा त्यात एकही शब्द नाही.

शेवटी पैसा. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद मिळण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जशिष्यवृत्ती आहे, बँकांची शैक्षणिक कर्जे आहेत. अमेरिकी सरकारच्या एज्युकेशनयूएसए केंद्रात प्राथमिक सल्ला मोफत मिळतो, मुंबईतही. काही विद्यापीठे आर्थिक मदत देऊ करतात. बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा मदतीच्या उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. घाईने होकार देऊ नये.

भाचीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. नामांकित विद्यापीठात मदत शून्य, घर गहाण टाकावे लागले असते. दुसरीकडे निम्मी फी माफ. अब्बा म्हणाले, ‘घर टाकू गहाण.’ ती म्हणाली, ‘नको, पाणी दोन्हीकडे सारखंच शिकवतात.’

ती दुसरीकडे गेली. तिचा निबंध तिने मला जाताना वाचायला दिला. कवी असून मला त्यात एक स्वल्पविरामही बदलावासा वाटला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)