नैरोबीत गोळी, रमाबाई नगरात गोळी

वर्षावासातली एक संध्याकाळ. निफाडच्या आमच्या वस्तीत ग्रंथवाचन संपले होते. सोयाबीनची निंदणी करून थकून आलेल्या आयाबहिणी उठण्याच्या बेतात होत्या. तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मोबाईलवर केनिया देशाची चित्रे दाखवली. रस्ताभर तरुण पोरे, समोर बंदूकधारी पोलीस, अश्रुधुराचे ढग. एका मावशींनी विचारले, "ही कोणाची लेकरं? काय मागत होती?"

आम्ही जे वाचले होते ते सांगितले. २०२४ साली तिथल्या सरकारने नवे कर लादणारे विधेयक आणले. आधीच महागाईने पिचलेले तरुण रस्त्यावर उतरले. २५ जूनला नैरोबीत ते थेट संसदेत घुसले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयक मागे घेतले. तिथल्या मानवी हक्क आयोगाने १ जुलैपर्यंत ३९ मृत्यू नोंदवले. एका दिवसात मागे घेता येणारे विधेयक आदल्या दिवशी का मागे घेतले नाही, हे त्या ३९ घरांना कोण सांगणार?

मावशी म्हणाल्या, "आपल्या रमाबाई नगरासारखंच झालं की!"

वाचकहो, मावशींना शाळा ठाऊक नाही, पण ११ जुलै १९९७ ठाऊक आहे. त्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त माणसे द्रुतगती महामार्गावर जमली. राज्य राखीव दलाची गाडी आली आणि गोळीबार सुरू झाला. १० जण ठार, २६ जखमी. सरकारी बाजूने सांगण्यात आले की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हे मान्य केले नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये जन्मठेप झाली, पण लवकरच उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. बारा वर्षांनी शिक्षा आणि काही दिवसांत जामीन! गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, आपले शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. तो आवाज कुठल्याच आयोगाच्या मोजणीत आला नाही.

आणि गोळी फक्त आपल्याच वस्तीत येते असे नाही. आमच्या निफाड तालुक्यातल्या खेरवाडीत नोव्हेंबर १९८० मध्ये कांद्याला आणि उसाला भाव मागणारे शेतकरी रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हाही पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी बळी पडले. त्यांच्या जातीचा आणि आमच्या जातीचा गावात रोजचा व्यवहार कसा असतो हे आम्ही जाणतोच. पण गोळीला तो फरक कळला नाही.

परभणीचे तर ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दंगल झाली, धरपकड झाली. कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावले. त्यांच्या मातोश्री न्यायालयात गेल्या. औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. एका आईने लावून धरले म्हणून एवढे झाले.

हे ऐकल्यावर एक बहीण हळूच बोलली. तिच्या मुलाला एकदा मोर्चानंतर पोलिसांनी उचलले होते. ती ठाण्याच्या बाहेर रात्रभर बसली. मुलगा आत आहे की नाही, हेसुद्धा तिला कोणी सांगितले नाही. "मला विचारायचं काय तेच माहीत नव्हतं," ती म्हणाली. आम्ही कार्यकर्ते म्हणवतो, भाषणे देतो. पण तिला तेव्हा एवढेही शिकवले नव्हते. लाज वाटली.

म्हणून त्या रात्री घरी कोणाला जाऊ दिले नाही. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते आणि नातेवाइकांना कळवावे लागते. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला, अपवाद सोडला तर, अटक करता येत नाही. वकिलाला पैसे नसले तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. ती निफाडच्या न्यायालयातच आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मगावी एवढे तरी माहीत हवे होते.

मोर्चाला जाऊ नका, असे आम्ही पोरांना सांगितले नाही. पुढे कोण चालणार, घरी कोणाला कळवायचे, दगड हातात कोणी घ्यायचा नाही आणि घेतलाच तर त्याला मागे कोणी ओढायचे, ते मात्र ठरवले.

मावशींनी नातवाकडून सगळे कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतले. चोवीस तासांचे ओळ त्यांनी दोनदा वाचून घेतली, मग विचारले, "अन् रविवार आला मधी तर?"

"रविवार मोजतात, मावशी," आम्ही म्हणालो.